झाकलेल्या बाटलीतील वाईन : घरच्या घरी चवीची परीक्षा

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाईनची चव घेण्यासाठी एकत्र आले होते. त्यांत नामांकित द्राक्षमळ्यांचे चालक होते, ख्यातनाम उपाहारगृहांचे मालक होते, वाईनविषयक नियतकालिकाच्या संपादिकाही होत्या. पॅरिसमध्ये वाईनचे दुकान चालविणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी हा कार्यक्रम योजला होता. आधी दहा पांढऱ्या आणि नंतर दहा लाल वाईन समोर यावयाच्या होत्या. प्रत्येक दहांत सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या. कोणत्या पेल्यात काय आहे, हे परीक्षकांना सांगितलेले नव्हते. त्यांनी प्रत्येक वाईनला २० पैकी गुण द्यावयाचे होते.

पांढऱ्या वाईनमध्ये पहिला क्रमांक आला तो शातो मॉन्टेलेनाच्या १९७३ सालच्या शार्दनेचा. लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सच्या १९७३ सालच्या कॅबर्ने सोव्हिन्योंचा. दोन्ही वाईन कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यातल्या. फ्रान्सच्या सर्वश्रेष्ठ लाल वाईनमध्ये गणली जाणारी शातो मूतों रॉथशिल्ड अवघ्या दीड गुणाने मागे पडली. या प्रसंगाला हजर असलेले एकमेव वार्ताहर म्हणजे 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. त्यांच्या हाती वाईनची यादी होती, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या वाईनचा घोट घेऊन एक परीक्षक ती फ्रान्सचीच असल्याचे समाधान व्यक्त करीत आहेत, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. निकालानंतर संपादिका ओदेत कान यांनी आपले गुणपत्रक परत मागितले. ते त्यांना मिळाले नाही.

हे परीक्षक अनभिज्ञ होते, असे कोणी म्हणणार नाही. फ्रान्समधील जाणकारांत त्यांची गणना होत होती. त्यांच्याकडून काढून घेतले होते ते एवढेच, की बाटलीवरचे नाव त्यांना वाचता येऊ नये. वाईनच्या व्यवहारात या पद्धतीला 'ब्लाइंड टेस्टिंग' म्हणतात. नाव ऐकून आंधळ्या कोशिंबिरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे खेळणाऱ्याचे डोळे बांधत नाहीत, बाटलीचे तोंड झाकतात. सहा-आठ मित्र, पाच-सहा बाटल्या आणि थोडी पूर्वतयारी असली की हीच परीक्षा घराच्या दिवाणखान्यातही घेता येते.

नाव झाकण्याचे कारण

चव जिभेवर ठरते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात डोळा आणि खिसा यांचाही त्यात मोठा वाटा असतो. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत वारंवार सांगितला जातो. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एक पांढरी वाईन दिली आणि तीच वाईन गंधहीन लाल रंग मिसळूनही दिली. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाईनसाठी वापरली जाणारी विशेषणे योजली. त्यांचे नाक डोळ्यांच्या मागोमाग गेले होते.

किमतीचा प्रभाव याहून विलक्षण आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांना एकच वाईन कधी १० डॉलरची, तर कधी ९० डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली. एवढ्यावर थांबले असते तर ही माणसे शिष्टाचारापोटी तसे बोलली, असे म्हणता आले असते. परंतु त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण चालू होते, आणि सुखद अनुभवाशी निगडित असलेल्या भागातील हालचाल किमतीबरोबर वाढत असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे ती खोटे बोलत नव्हती. किंमत ऐकल्यामुळे त्यांना खरोखरच अधिक आनंद झाला होता.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाचण्यांचे विश्लेषण होते. किंमत ठाऊक नसताना सामान्य लोकांना महाग वाईन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे त्यातून निघाले. वाईनचे शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. तेव्हा 'महाग वाईन म्हणजे निव्वळ थोतांड' हा निष्कर्ष घाईचा ठरेल. सवयीने चव घडते, हेही त्याच आकड्यांत आहे.

भारतात किमतीवर विसंबणे आणखी धोक्याचे आहे. परदेशातील वाईनच्या येथील किमतीत आयात शुल्क, राज्याचे कर आणि विक्रेत्यांचा नफा यांची भर पडलेली असते. तिकडे रोजच्या जेवणात घेतली जाणारी साधी बाटली येथे भेट देण्याजोगी महाग होऊन बसते. परदेशी लेबल आणि मोठी रक्कम यांचा दबाव मग आपोआप पडतो. नाशिक, नारायणगाव, अकलूज किंवा बंगळूरजवळच्या नंदी हिल्स परिसरातील बाटली तिच्या शेजारी ठेवली, तर निकाल चाखण्यापूर्वीच लागलेला असतो. हा दबाव बाजूला सारून आपल्याला काय आवडते हे पाहणे, एवढाच या बैठकीचा हेतू.

बैठकीची तयारी

सहा ते आठ माणसे पुरेशी. वाईनचे प्रकारही सहाहून अधिक नसावेत. त्यापुढे जीभ थकते आणि सगळे पेले सारखेच वाटू लागतात. एका वेळी ५० मिलिलिटर ओतले, तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५ घोटभर माप निघतात. आठ जणांना एकेकदा देऊनही जवळपास निम्मी बाटली शिल्लक राहते, ती जेवणासाठी उपयोगी पडते.

कोणत्या वाईन निवडाव्यात, यावर बैठकीची रंगत अवलंबून आहे. हाती लागेल ती बाटली आणून ओळीत मांडली, तर तुलना कशाची करायची हेच कळत नाही. एकच द्राक्ष आणि निरनिराळे प्रदेश, ही निवड सर्वांत फलदायी. शिराज घ्यावी : एक नाशिकची, एक नंदी हिल्सची, एक ऑस्ट्रेलियाची, एक फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातील. किंवा शनँ ब्लाँ घ्यावी. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधील लुआर खोऱ्यातील. दक्षिण आफ्रिकेत त्याची मोठी लागवड आहे आणि नाशिकच्या वाईन उद्योगातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे. वाईनशी नव्याने ओळख होणाऱ्यांनी शनँ ब्लाँपासून सुरुवात करावी. तिच्यातील फरक ढोबळ असतात आणि तुरटपणा आड येत नाही.

आता लपविण्याविषयी. हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण बाटली अनेक मार्गांनी बोलत असते. वर्तमानपत्र किंवा स्वयंपाकघरातील फॉइल गुंडाळले की लेबल झाकले जाते. पण बाटलीचा आकार लपत नाही. उंच खांद्याची बाटली बोर्दोची परंपरा सांगते, उतरत्या खांद्याची बरगंडीची, तर निमुळती सडपातळ बाटली आल्सास किंवा जर्मनीची. बूच आणि फिरकीचे झाकण यांतील फरकही जाणकाराला बरेच काही सांगून जातो. म्हणून बुचे व झाकणे आधीच काढून दुसऱ्या खोलीत ठेवावीत, मानेवरचे वेष्टनही पूर्ण सोलून टाकावे. घरात एकसारखे काचेचे जग असतील तर वाईन त्यांत ओतून आणणे सर्वांत उत्तम.

यजमानाला उत्तर ठाऊक असेल तर त्याच्या चेहऱ्यावर ते उमटते. तो एखादा पेला जरा आदराने पुढे करतो आणि पाहुण्यांना तेवढे पुरते. यावर एक साधा उपाय आहे. एकाने बाटल्या गुंडाळाव्यात आणि खोलीबाहेर जावे. दुसऱ्याने आत येऊन त्यांची जागा बदलावी व त्यांवर १ ते ६ आकडे टाकावेत. मग संपूर्ण उत्तर एकालाही ठाऊक राहत नाही आणि यजमानालाही परीक्षेला बसता येते. आमच्या मते यजमानाने परीक्षेला बसलेच पाहिजे. जो स्वतः चुकण्याची जोखीम घेत नाही, त्याच्या घरी इतरांनी ती का घ्यावी?

घराचा वास आणि घराचे तापमान

वाईनविषयक पाश्चात्त्य पुस्तकांत ज्यांचा फारसा उल्लेख सापडत नाही, अशा काही अडचणी आपल्या घरांत असतात. पहिली अडचण फोडणीची. पाहुणे येणार म्हणून स्वयंपाकघरात मसाला परतला जात असेल, तर दिवाणखान्यात बसून शनँ ब्लाँमधील सफरचंदाचा गंध शोधणे व्यर्थ आहे. स्वयंपाक दुपारीच उरकावा. त्या संध्याकाळी उदबत्ती, धूप, अत्तर नको, आणि मोगऱ्याचा गजराही नको. पान-सुपारी, बडीशेप यांची आठवण बैठक संपेपर्यंत कोणी काढू नये.

आपल्याकडे बैठक म्हटली की चखणा आलाच. शेंगदाणे, चिवडा, भजी हे सारे नंतर. मीठ, तिखट आणि तेल जिभेवर बसले की वाईनची चव बदलते. चीजसुद्धा आधी नको, कारण ते लाल वाईनचा तुरटपणा झाकते आणि सामान्य वाईनलाही सभ्य रूप देते. साधा पाव आणि भरपूर पाणी, बस्स.

दुसरी अडचण तापमानाची. लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी, हा सल्ला थंड युरोपातील घरांसाठी आहे. मे महिन्यात मुंबई, नागपूर किंवा दिल्लीतील खोलीचे तापमान ३० ते ४० अंश असू शकते. इतक्या उष्ण वाईनमधून मद्यार्काचाच भपकारा येतो. लाल वाईन १५ ते १८ अंशांच्या आसपास असावी. त्यासाठी ती अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवणे योग्य होय. पांढरी ८ ते १२ अंशांवर. फार थंडही नको, थंडपणात गंध दबतो. मुख्य म्हणजे तुलना करावयाच्या सर्व बाटल्या एकाच तापमानाच्या असाव्यात, अन्यथा परीक्षा वाईनची न होता फ्रीजच्या कप्प्यांची होते.

पेले सर्वांचे एकसारखे, बिनरंगी आणि साबणाचा वास नसलेले असावेत. रंग पाहण्यासाठी खाली पांढरा कागद ठेवावा. पांढरी वाईन आधी आणि लाल नंतर, हलकी आधी आणि जड नंतर, गोड सर्वांत शेवटी.

बोलण्याआधी लिहावे

पेला हलकेच फिरवावा, हुंगावा, लहान घोट घेऊन तो तोंडात सर्वत्र खेळवावा आणि जे जाणवले ते कागदावर लिहावे. सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणीही बोलू नये. हा नियम लेबल झाकण्याइतकाच महत्त्वाचा आहे. मंडळींत जो वाईनचा जाणकार समजला जातो, त्याने 'वा, यात जर्दाळू आहे' असे म्हटले की पुढच्या दोन मिनिटांत सर्वांनाच जर्दाळू सापडू लागतो.

शब्द कोठून आणावेत, हा अनेकांचा प्रश्न असतो. ब्लॅकबेरी किंवा गूजबेरी ज्याने खाल्लेलीच नाही, त्याने त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. मराठीत चवीचे शब्द कमी नाहीत. लाल वाईनमधील टॅनिन म्हणजे कोऱ्या चहाने किंवा जांभळाने जीभ ओढली जाते तो तुरटपणा. आंबटपणाला आवळा, चिंच, कैरी अशी मापे आपल्याकडे आहेत. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू आणि नुकतेच कापलेले गवत आढळते. कॅबर्ने सोव्हिन्योंमध्ये कधी कधी ढोबळ्या मिरचीचा वास येतो, आणि ही नुसती उपमा नव्हे. पायराझिन वर्गातील तीच संयुगे ढोबळ्या मिरचीतही असतात.

शिराजमधील काळ्या मिरीची गोष्टही तशीच. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली या गंधास कारणीभूत असलेले रोटन्डोन हे संयुग प्रसिद्ध केले. तेच काळ्या मिरीतही असते. त्या अभ्यासात सुमारे एकपंचमांश व्यक्तींना हा गंध मोठ्या प्रमाणातही जाणवला नाही. तेव्हा शेजारी बसलेल्याला मिरी जाणवते आणि आपल्याला नाही, यात कोणाचेही अज्ञान नाही. दोघांची नाकेच वेगळी आहेत. बैठकीत यावरून वाद झडतात, ते येथेच मिटावेत.

एका क्लृप्तीची शिफारस करावीशी वाटते. सहा पेल्यांपैकी दोन पेल्यांत एकच वाईन असावी, आणि हे कोणाला सांगू नये. आपण आपल्याच मताशी किती सुसंगत आहोत, हे त्यातून कळते. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्य मेळाव्यातील वाईन स्पर्धेत हेच केले होते. परीक्षकांना एकाच बाटलीतील वाईन त्यांच्या नकळत तीनदा देण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिन्ही वेळा त्याच पदकाच्या श्रेणीत गुण देणारे परीक्षक सुमारे दहा टक्केच होते. व्यावसायिक परीक्षकांची ही स्थिती असेल, तर आपल्या मित्राने त्याच वाईनला एकदा १६ आणि एकदा ११ गुण दिले म्हणून हसण्यात अर्थ नाही. हसू येतेच, हे खरे.

नाव उघड करताना

पॅरिसच्या त्या कार्यक्रमात पांढऱ्या वाईनचा निकाल लाल वाईन येण्यापूर्वीच जाहीर करण्यात आला. धक्का बसलेले परीक्षक त्यानंतर लाल वाईनमधील कॅलिफोर्नियाच्या कोणत्या हे ओळखण्यामागे लागले, असे सांगितले जाते. म्हणून सर्व पेले संपेपर्यंत एकही बाटली उघडी करू नये. आधी प्रत्येकाचे गुण मोठ्या कागदावर मांडावेत, बेरीज करावी आणि शेवटच्या क्रमांकापासून वर जात आवरण काढावे.

या क्षणी एक गोष्ट जपावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या घरी झालेल्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाने एकेक बाटली आणावी, असे ठरले होते. परदेशातून येताना जपून आणलेली एक लाल वाईन एका स्नेह्यांनी मोठ्या प्रेमाने दिली. सहांमध्ये ती सहावी आली. त्यांनी स्वतःही तिला सर्वांत कमी गुण दिले होते. नाशिकची, किमतीने तिच्या पाचव्या हिश्शाचीही नसलेली बाटली पहिली आली. टाळ्या वाजल्या, थट्टा झाली, आणि ते गृहस्थ जेवणभर फारसे बोलले नाहीत. चूक यजमानाची होती. कोणाची बाटली कोणती, हे मोठ्याने वाचून दाखविण्याची काहीच गरज नव्हती. शिवाय दिवस मे महिन्याचा, आणि ती बाटली तासभर टेबलावर तापलेली. जेवताना तीच वाईन थंड करून मटणाबरोबर घेतली, तेव्हा आधी कमी गुण देणाऱ्यांनीच ती दुसऱ्यांदा मागून घेतली.

तेव्हापासून सर्व बाटल्या यजमानच खरेदी करतो आणि खर्च सारखा वाटून घेतला जातो. त्या प्रसंगातून पद्धतीची मर्यादाही लक्षात आली. झाकलेली चाचणी प्रामाणिक असते, परंतु ती एकाच अरुंद प्रश्नाचे उत्तर देते : या खोलीत, या तापमानाला, जेवणाविना घेतलेल्या लहान घोटांत आज काय आवडले? काही वाईन पहिल्या घोटात गप्प असतात. ज्या पहिल्याच घोटात मन जिंकतात, त्यांपैकी काहींचा दुसऱ्या पेल्याला कंटाळा येतो.

कायदा आणि सावधगिरी

मद्यविषयक कायदे राज्यागणिक भिन्न आहेत. गुजरात व बिहारमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ती लागू आहे, आणि राज्यात इतरत्र मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवान्याची तरतूद आहे. किमान वयाची अटही सर्वत्र सारखी नाही. आपल्या राज्याचा नियम पाहूनच बेत आखावा.

सहा वाईनचे प्रत्येकी ५० मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिलिटर, अर्थात दोन भरलेले पेले. वाहन चालविताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि एवढ्या वाईनने ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. पाहुण्यांच्या परतीची व्यवस्था आधीच करावी. व्यावसायिक परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. आपल्याकडे हे असभ्य वाटते. पण कोलकात्याच्या चहा लिलावाशी संबंधित चहा-परीक्षक पिढ्यानपिढ्या हेच करीत आले आहेत. प्रत्येकापुढे एक जाड कागदी पेला ठेवला आणि यजमानाने प्रथम त्याचा उपयोग केला, की संकोच दूर होतो.

मंडळींत कोणी मद्य घेत नसेल, तर त्यांना गुणलेखनाच्या कामावर बसविण्याची प्रथा आहे. ते पुरेसे नाही. त्यांच्यासाठी वेगळी झाकलेली परीक्षा ठेवावी : दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीचा कोरा चहा, किंवा हंगाम असल्यास देवगड, रत्नागिरी आणि कर्नाटकातील हापूसच्या फोडी. पेटीवरच्या नावावर विसंबून आंबा घेणाऱ्या कोकणातल्या माणसालाही या परीक्षेत घाम फुटतो, असा अनुभव आहे.

उरलेल्या वाईनला बूच लावून बाटल्या उभ्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात; दोन-तीन दिवस त्या चांगल्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांतील एक, या वेळी लेबल समोर ठेवून, पुन्हा चाखावी आणि आदल्या रात्रीचा आपला कागद काढून पाहावा. त्यावरचे गुण खोडून बदलण्याचा मोह होईल. तो कागद तसाच जपून ठेवावा.